पाणलाव्याची चोच

२९ नोव्हेंबर १९५७

वासुदेवरावांनी बंदूक काढली! तळ्याचं पाणी हटलं तिथे त्यांनी हरभरा पेरला होता, तो निम्माच उगवला. राखणीला धुरपता असते, दिवसभर गोफण घेऊन. ती म्हणाली, "पाखरायनं खाल्ला, मालक." झालं! आता तळ्यावर एक पाखरू ठेवणार नाहीत म्हणे. सहा हिवाळे मी ही पाखरं बघतोय. चिखलात चोच खुपसणारी पाणलाव्यासारखी पाखरं हरभरा खातात होय!

१ डिसेंबर

आज चार पाणलावे पडले. रडू आलं, खोटं कशाला लिहू. एक मागून आणला.

२ डिसेंबर

शाळेत पोरांना दाखवला. चोच माझ्या मधल्या बोटाएवढी, टोकाला मऊ. सगळी चिखलात खुपसायची आणि आतल्या आत नुसतं टोक उघडून गांडूळ ओढायचं — चिमटाच! शेकाट्याची चोच सुईसारखी, तो पाण्यावरचे किडे टिपतो. तुतवाराची आखूड, तो काठाकाठाने वरवर वेचतो. एका तळ्यात तिघे जेवतात, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

मग पोट चिरलं. गांडुळं, रेती, इवल्या गोगलगायी. हरभऱ्याचा दाणा — एकही नाही!!

३ डिसेंबर

जिंकलो! पारावर सगळ्या गावासमोर पाखरू ठेवलं. म्हटलं, या चोचीत हरभरा धरून दाखवा. वासुदेवरावांनी स्वतः दाणा घातला. निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला! लोक पोट धरून हसले. मी ठणकावून सांगितलं, "पाखरांनी एक दाणा खाल्लेला नाही!" वासुदेवराव म्हणाले, "मानलं गुरुजी तुमाले." बंदूक खुंटीला! तानबा लोहाराने पाठीवर अशी थाप मारली की अजून दुखतंय.

बायकोला सगळं दोनदा सांगितलं. तिने शिरा केला.

५ डिसेंबर

पाणलावे परत आले! सात मोजले. बांधावर धुरपता दिसली नाही.

७ डिसेंबर

धुरपताला चोर ठरवून कामावरून काढलं. वासुदेवराव म्हणाले, "तुमीच बोलले ना गुरुजी, पाखरायनं नाई खाल्ला. मंग कोनं खाल्ला?"

ओल्या गाळात दाणा कुजलाही असेल. हे मी पारावर बोललोच नाही — टाळ्या ऐकत बसलो. लाज वाटते.

ती शाळेच्या दारात उभी होती. "पाखरायले वाचवलं तुमी. आता मले कोन वाचवते?"