झाकण सुटं मिळत नाही

३ मार्च, मंगळवार

तीन हजार आठशे! पेट्रोलच्या टाकीच्या एका झाकणाला!

सकाळी पंपावर बाइकची चावी झाकणातच तुटली. गॅरेजवाल्या काकांनी कुलूप कापून काढलं. म्हणाले, "नवीन आण, पाच मिनिटांत बसवतो." स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा चष्मेवाला मान वर न करता म्हणतो, "झाकण सुटं येत नाही, मॅडम. अख्खा लॉक सेट घ्यावा लागतो. झाकण, इग्निशन आणि सीटचं कुलूप." अरे, घरच्या दुसऱ्या चावीवर माझं इग्निशन ठणठणीत चालतंय! सीटचं कुलूपही! म्हटलं, "अहो, मी घरोघरी जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त करते. कुणाची बॉबिन गेली तर मी काय अख्खं मशीन गळ्यात मारते?" तर म्हणे, कंपनीचं धोरण आहे. हा कोण, कंपनीचा जावई?

तूर्तास टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड.

५ मार्च

कुणीतरी पेट्रोल काढून नेलं. पिशवी मात्र नीट लावून ठेवली. सभ्य चोर!

६ मार्च

दादा आला. "विकून टाक तो खटारा. माझ्या दुकानात गल्ल्यावर बस, पंख्याखाली." आई शेजारी बसून माना डोलावत होती. मला पंखा नकोय! मला दहा घरं, दहा मशिनं आणि मधला रस्ता हवाय. गाडी गेली तर हत्यारांची पेटी पाठीवर घेऊन कुठवर चालणार? पण गेल्या महिन्यात चेन, त्याआधी क्लच प्लेट — हातात दमडी नाही. महिनाअखेरपर्यंत थांब म्हटलं. थांबतो म्हणाला, पण हसून म्हणाला. तेच लागलं.

९ मार्च

गॅरेजच्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवली — 'या मॉडेलचा लॉक सेट अर्धा-अर्धा घेऊ. झाकण माझं, बाकी तुमचं.' काका पोट धरून हसले. "अगं, दोघांची चावी एकच होईल! अनोळखी माणसाशी चावी कोण वाटून घेतं?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी चिठ्ठी ठेवली. संध्याकाळपर्यंत तीन फोन. तिघांनाही झाकणच हवं!

११ मार्च

पुन्हा दुकानात भांडायला गेले. रोजचंच झालंय आता. आज मात्र सरळच सांगितलं. "झाकण नाही तर गाडी विकते. बसते भावाच्या गल्ल्यावर. तुमच्या कंपनीला कळवा!"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "माझ्याकडे हीच गाडी आहे. इग्निशन बिघडलंय. अर्धा सेट मी घेतो."

आठ दिवस हा माणूस समोर बसून मला धोरण सांगत होता! पण अर्धे पैसे तिथल्या तिथे काढून ठेवले त्याने. माझे अर्धे आईकडून उसने. चाव्या दोन आल्या — एक त्याला, एक मला. बजावलं, "माझ्या टाकीला हात लावलात तर बघा!" हसला. हसल्यावर बरा दिसतो.

१२ मार्च

झाकण बसलं! अकरा मशिनं केली आज! दादाला फोन केला, "गल्ल्यावर दुसरं कुणीतरी बघ." वहिनी मागून म्हणाली, "वाटलंच होतं मला."

१४ मार्च

आभार मानायला दुकानात. तुमची गाडी कशी पळते, विचारलं. "छान. पाचव्या गिअरला जरा थरथरते." या गाडीला गिअर चार! दिवसभर स्पेअर विकतो आणि स्वतःच्या गाडीचे गिअर मोजता येत नाहीत. कठीण आहे बिचाऱ्याचं. नवं इग्निशन अजून बसवलेलंच नाही म्हणे! म्हटलं, उद्या रविवार, गाडी घरी आणा, इग्निशन मी बसवून देते. कान लाल झाले त्याचे.

१५ मार्च, रविवार

आला नाही. चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. "कोण येणार होतं गं?" — आई. कुणी नाही.

१७ मार्च

दुकानात फोन केला त्याला. परवा म्हणे पंक्चर होती. आज भाऊ घेऊन गेलाय. माझ्या हातावर भरवसा नाही, की मीच नकोय? सरळ सांगावं ना! राग आलाय. आणि राग आला म्हणून आणखी राग आलाय.

१८ मार्च

हत्यारांची पेटी घेऊन दुकान बंद व्हायच्या वेळेला गेले. म्हटलं, गाडी असेल तिथे इग्निशन बसवायचंच. शटर खाली. हा पलीकडे बसथांब्यावर, रांगेत!

"गाडी कुठंय?"

"नाहीये."

"भावाकडे?"

"नाहीच. मला चालवताच येत नाही." इग्निशन पिशवीत होतं, डब्याशेजारी, न उघडलेलं. "तुम्ही गाडी विकली असती, तर दुकानात भांडायला कोण आलं असतं?"

अख्खी रांग ऐकत होती. गाडीला किक मारली.

"मागे बसता येतं का?"