त्या संध्याकाळच्या एका रेघेबद्दल

मी, मोरिगुची चिझुरु, वय एकोणसत्तर, राहणार ओसाका, धंदा कपडे दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटाच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी सांगायचे ते सांगून टाकले आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा माझे पती हिसाओ यांना मिळावा. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, हे त्यांना चाळीस वर्षांत उमगलेले नाही.

२. शिलाई यंत्र, कात्र्या आणि बँकेतील शिल्लक मुलगी मिओ हिला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. नणंद नोबुको दर नववर्षाला म्हणत आल्या, "वहिनी, यंदाही सोयाबीन कडकच राहिलं गं!" सोयाबीन शिजवायचे लोखंडी भांडे त्यांनाच द्यावे. करून बघा म्हणावे.

४. कपाटातील चहाच्या डब्यात एकशे बारा फाटकी तिकिटे आहेत. एका वाडगाभर उदोन शेवयांच्या किमतीत त्या काळी 'नेझुमी' या तळघरातल्या गाण्याच्या क्लबात तीन बँड ऐकायला मिळत. मी उदोन सोडायचे. माणसांच्या श्वासांनी छतावरून पाणी टपकायचे आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मुकादमीणबाईंची हाक कानात शिरायची नाही. तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही. डबा माझ्यासोबत जाळावा.

५. हे कलम हिसाओ यांनी एकट्याने वाचावे.

तुला आठवते, 'नेझुमी'च्या दारावर तिकिटे फाडणारी हारुएताई प्रत्येकाला विचारायची, "आज कोणासाठी?" आणि त्या बँडच्या नावापुढे रेघ ओढायची. पाच रेघा झाल्या की मोजणीचे एक अक्षर पुरे. ज्यांच्या रेघा कमी, त्यांना पुन्हा बोलावणे नाही. त्या नोव्हेंबरात मालकाने जाहीर केले होते, ज्यांच्या रेघा जास्त त्यांना टोकियोला पाठवणार.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तू गिटार वाजवताना घालायचे तुझे फाटके जाकीट घेऊन आलास. मी विचारले, "टोकियोला गेलास की रफू कोण करणार रे?"

"तिकडे रफूवाल्या काय कमी आहेत? आणि दिसायलाही बऱ्या असतील!" तू हसलास. थट्टाच होती. मला ती झोंबली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दारावर हारुएताई म्हणाली, "आज कोणासाठी, हे काय विचारायचं? नेहमीचेच ना?"

"नाही. दुसऱ्यांसाठी."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि रेघ ओढली. आत जाऊन मी तुझ्यासाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तुम्ही एका रेघेने हरलात. माझी रेघ तुमच्याकडे असती, तर एका रेघेने जिंकला असता.

महिन्याभरात तू गिटार देऊन टाकलीस, काकांच्या तोफूच्या दुकानाची गाडी चालवू लागलास आणि वसंतात मला मागणी घातलीस. दोन पेले पोटात गेले की तू अजून विचारतोस, "कोण असेल गं तो कपाळकरंटा?" मी म्हणते, "झोप आता." सेहेचाळीस वर्षे मी एवढेच म्हणत आले. मला लाज वाटते, हिसाओ. आणि तू टोकियोला गेला असतास तर मिओ झाली नसती, हा विचार आला की धड पस्तावताही येत नाही.

६. माझ्या अस्थी मोरिगुचींच्या समाधीत ठेवायच्या, की माझ्या आईच्या गावच्या मंदिरात पाठवायच्या, हे सर्वस्वी हिसाओ यांनी ठरवावे. मिओने मध्ये पडू नये, नोबुकोंनी तर मुळीच नाही. मला तुझ्याशेजारी यायचे आहे. पण या खेपेला तुला न विचारता मी तुला अडकवून ठेवणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड एके ठिकाणी आहे, ती माझीच.

मोरिगुची चिझुरु (सही व शिक्का)

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष पाकीट बंद केले व ज्यांनी आतील मजकूर वाचलेला नाही:
१. हिरायामा सेत्सुको, शेजारी
२. उराबे कोइची, केशकर्तनकार

ओसाका, ९ नोव्हेंबर २०२५