पश्चिमेची खिडकी

पट्टाभिराम, चेन्नई
१४ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आवडी गावातलं नोकरीचं क्वार्टर सोडलं आणि गेल्या रविवारी इथे राहायला आले. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि वहिनी मधे उभी राहून माझं वाक्य तिच्या पद्धतीने तुला ओरडून सांगते. परवा मी छप्पर उतरवतेय म्हटलं, तर विद्यु कुणाला उतरवतेय असं तू तिला विचारलंस म्हणे. त्यापेक्षा पत्र बरं.

घर लहान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे विहीर. रेल्वेतल्या कुणा गार्डने हौसेने बांधलेलं आणि मुलांनी वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं. मंगलोरी कौलं निम्मी हललीत, वासे वाळवीने खाल्लेत. लाल कोब्याची जमीन मात्र अजून अशी आहे की दुपारी त्यावर नुसतं पडून राहावं. शेषगिरी मेस्त्री म्हणतो पोंगलपर्यंत काम चालेल. तोवर सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत राहायचं. काल माझं अंथरूण स्वयंपाकघरात होतं आणि गॅस पुढच्या ओट्यावर.

या वयात नोकरी सोडून हे काय काढलंस, असं तू विचारणार. पुष्कर गुजरातेत गेला, तिथे त्याचं दुसरं बिऱ्हाड झालं, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही. एवढंच, की नोकरीनंतर असं जुनं घर घ्यायचं हे आमचं दोघांचं बोलणं होतं. तो गेला आणि बोलणं माझ्याकडे राहिलं. म्हणून घेतलं.

अवनी शोळिंगनल्लूरला तिच्या ऑफिसजवळच राहते. शहर एकच, पण आईकडे यायला तिला अर्धा दिवस लागतो. येते महिन्यातून एकदा.

वहिनीला नमस्कार. कान जपा, आणि मला विसरू नका.
तुझी,
विद्यु

मिरज
२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. विद्युलता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या वहिनीने आधी वाचले, मग मला दिले, आणि मी वाचत असताना पुढे काय आहे ते खुणा करून सांगितले. कानाचा उपयोग संपला, आता डोळ्यांचीही गरज राहिलेली नाही.

लहानपणी तू अंगणात भातुकलीची चूल मांडायचीस आणि ती रोज पडायची. मी उभी करून द्यायला आलो की मला ढकलून द्यायचीस. तुझा स्वभाव तेव्हाच ध्यानात यायला हवा होता. पण विद्यु, चूल वेगळी आणि घर वेगळे. कौले उतरवलेल्या घरात बाईमाणसाने एकटे राहणे मला रुचत नाही. आमची वरची खोली मंदार जर्मनीला गेल्यापासून रिकामी आहे. गच्ची आहे, ऊन चांगले येते. घर पुरे करून विकून टाक आणि इकडे ये. लोक काय म्हणतील याची चिंता करू नकोस, म्हणाले तरी मला ऐकू येणार नाही.

मेतकूट पाठवत आहे. मेस्त्रीला चाखायला दे, म्हणजे काम लवकर संपवेल.

प्रकृतीची हयगय नको. दर महिन्याला दोन ओळी तरी याव्यात.
तुझा,
दादा

पट्टाभिराम
२० सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मेतकूट मिळालं. मेस्त्रीने रसम-भातावर घालून खाल्लं, काम तेवढ्याच वेगाने चालू आहे.

छप्पर झालं. मागच्या खोलीत पश्चिमेला नुसती भिंत होती. पलीकडे तळं आहे, त्याच्याही पलीकडून लोकल जाते. मेस्त्रीने पुष्कळ समजावलं, तरी ती भिंत मी फोडून घेतली आणि खिडकी बसवली. संध्याकाळी पाण्यावरचा उजेड आत छतापर्यंत येतो. पहिल्या दिवशी मी चहा तिथेच घेतला आणि तो कधी निवला ते कळलं नाही.

खरं सांगायचं तर दिवस बरा जातो. ठोकाठोक असते, माणसं असतात. पाच वाजता ती हातपाय धुऊन जातात आणि मग घरात माझ्याच चपलांचा आवाज येतो. गणपती बसवला, आरती एकटीने म्हटली. मधे थांबले, वाटलं कोणी तरी पुढची ओळ उचलेल. मग आपली आपणच उचलली.

शेजारी राजसबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांचे यजमान हंबीरराव टपालात होते, वारून बरीच वर्षं झाली. नातवंडं घरात तमिळच बोलतात. माझी आरती भिंतीपलीकडून ऐकून त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “एकटी बसूं नको. सांजचं हिंगा ये.” हिंगा म्हणजे इकडे. त्यांची मराठी मला निम्मी कळते, माझी त्यांना निम्मी. आमचं बरं जमतं. पण त्या लवकर झोपतात.

मिरजेला यायचं सध्या नको, दादा. रागावू नकोस.

दोघांची खुशाली कळवत राहा, मी वाट पाहते.
तुझी,
विद्यु

मिरज
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. विद्युलता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल दसऱ्याला सोने द्यायला म्हणून पुष्करराव आले. दारात पाहून मी गोंधळलो. फार वाळले आहेत. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या बाई आपल्या मुलाकडे कायमच्या गेल्या, नोकरीचे कंत्राटही संपले. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी एका कागदावर लिहून दाखवले की विद्युकडे जावे असे मनात आहे, तुम्ही शब्द टाका.

मी शब्द टाकतो आहे. त्यांचे चुकले, ते मी त्यांच्या तोंडावर बोललो. पण माणूस परत आला आहे. घर तुम्ही दोघांनी मनात योजलेलेच आहे. आरतीची पुढची ओळ उचलायला कोणी नाही असे तूच लिहितेस. मग उचलणारा दारात आला तर त्याला परत पाठवू नये असे मला वाटते. ते दिवाळीला तिकडे येतील. मी हो सांगितले आहे.

तुझ्या वहिनीला या बाबतीत मी विचारले तर तिने पोळी वाढली.

शांतपणे विचार कर. तुझे बरे व्हावे एवढेच म्हाताऱ्याच्या मनात आहे.
तुझा,
दादा

पट्टाभिराम
१२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. नीट लिहायचं होतं.

पुष्कर दिवाळीच्या दिवशी आला, एका बॅगेनिशी. अवनी आली होती. ती त्याच्याशी सभ्यपणे वागली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तो राहिला. मी पुढची खोली त्याला दिली.

दादा, मला आनंद झाला होता. कॉफीचे दोन पेले धुताना झाला, त्याची खोली आवरताना झाला. पलीकडच्या खोलीत कोणी तरी खोकतंय हे ऐकत मला शांत झोप लागायची. हे लिहायला संकोच वाटतो, पण तुझं पत्रातलं म्हणणं बरोबर होतं, म्हणून लिहिते. त्याने विहिरीचा रहाट साफ केला, बिजागऱ्यांना तेल घातलं, मेस्त्रीशी गप्पा मारल्या. आठवडाभर मी असं धरून चालले होते की हे आता असंच राहणार.

एक दिवस पडद्यांचं कापड आणायला टी. नगरला गेले. बसच्या गर्दीत पिशव्या सांभाळत संध्याकाळी परतले, तर माणसं घरी गेलेली, मागच्या खोलीत अंधार. माझी खिडकी निम्म्यावर विटांनी भरलेली. पुष्कर हात पुसत आला आणि समजावू लागला. पश्चिमेचं ऊन, मे महिन्यात खोली भट्टी होईल, पाऊस थेट आत येईल, म्हणून ही बंद करून उत्तरेला लहानशी काढू. तो खोटं सांगत नव्हता. मेस्त्रीचंही हेच म्हणणं होतं.

मी विचारलं, मला विचारायला थांबला का नाहीस. तो म्हणाला, “अगं, मला वाटलं, तुला बरं वाटेल.”

गुजरातला जाताना तो हेच म्हणाला होता. मी इथेच राहिले तर मला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. त्याच्या आवाजात तेव्हाही कपट नव्हतं, आताही नव्हतं. त्याला खरोखर तसं वाटतं. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हटलं, “पुष्कर, तू पाहुणा म्हणून केव्हाही ये. राहायला येऊ नकोस.”

सिमेंट ओलंच होतं. मी एकेक वीट काढू लागले, तशी तो पुढे झाला आणि मी काढलेल्या विटा मागे विहिरीपाशी नेऊन रचू लागला. आम्ही दोघांनी मिळून खिडकी मोकळी केली. लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढं एकजुटीने काम आम्ही क्वचित केलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याला स्टेशनवर सोडायला मी गेले. गाडी सुटेपर्यंत तो अवनीच्या लहानपणाचं काही तरी सांगत होता.

मी जिंकले वगैरे समजू नकोस. परत आले तेव्हा घर आधीपेक्षा रिकामं होतं. वादळी पाऊस चालू आहे आणि तो थेट खिडकीतून आत येतो. मी खाली पोतं अंथरते, ते भिजलं की पिळते. मधे ताप येऊन गेला. राजसबाईंनी मिरीचं रसम पाठवलं.

तुझा शब्द मोडला. माझ्यावरचा जीव मोडू देऊ नकोस.
तुझी,
विद्यु

मिरज
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय विद्यु,
आशीर्वाद.

मी रत्नप्रभा लिहितेय. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. तुझे दादा तुला लिहायला रोज बसतात आणि कागद तसाच ठेवून उठतात. तुझं पत्र त्यांनी खूप वेळा वाचलं. मीच त्याला हो सांगून धाडलं, असं काल स्वतःशीच म्हणाले. स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे हळू बोलतोय असं वाटून मोठ्याने बोलले. ते रागावलेले नाहीत, ओशाळलेत. त्यांचं पत्र येईल, वेळ लागेल.

मला वेगळंच लिहायचं होतं. तुझी आई उंच होती. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा तिच्या मापाचा आहे. लग्न होऊन आल्यापासून मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. यात कुणी वाईट वागलं असं नाही. सासूबाई गेल्या, मंदार मोठा झाला, एकदा घराला रंगही दिला, पण ओटा खाली घ्यावा असं कुणाला सुचलं नाही आणि मीही म्हटलं नाही. तुझं पत्र वाचून झालं आणि मी पाटावरून उतरून उभी राहिले.

मला तुझ्याकडे यायचं आहे. एकटीने. मिरजेहून एवढ्या लांब मी एकटी कधी गेले नाही. तुझ्या मदतीला येत नाहीये, माझ्याच्याने विटा उचलवत नाहीत. काही दिवस तुझ्या त्या पुढच्या खोलीत राहीन म्हणते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला विचारते.

नको असेल तर मोकळेपणाने कळव, माझी माया कमी व्हायची नाही.
तुझी,
वहिनी

पट्टाभिराम
४ डिसेंबर २०२४

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. दादाला सांग, मला त्याचा राग आलेला नाही आणि त्याने लांबलचक पत्र लिहायची गरज नाही. नुसतं ‘बरा आहे’ लिहिलं तरी चालेल.

गाडी सेंट्रलला येते. मी घ्यायला येईन, तू खाली उतरून जागेवरच उभी राहा. जाडी पांघरुणं आणू नकोस, इथे थंडी नसते. पुढच्या खोलीला अजून रंग नाही आणि न्हाणीघराचं दार नीट लागत नाही. तुला काय हवं, कसं हवं, ते इथे आल्यावर सांग. मी आपल्या मनाने काही करून ठेवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाही तर फसवल्यासारखं होईल. इथली संध्याकाळ वाईट असते. दिवे लागले की हे एवढंसं घर फार मोठं होतं. कधी मी राजसबाईंकडे जाते, कधी रेडिओ लावते, कधी काहीच करत नाही. त्यावर उपाय मला सापडलेला नाही, आणि तू आलीस म्हणून सापडेल असंही वाटत नाही. उलट तू परत गेल्यावर ती वेळ मला आणखी जड जाईल. हे सगळं मला माहीत आहे.

तरी ये.

तुझीच,
विद्यु