सहा दिवसांचा वाद

ता. ३ मार्च

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दहा पानी पत्र पोचलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी एका ओळीत आणि बाकी सगळं माझं खंडन, म्हणजे तू खुशाल आहेस. बायबलात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, त्यात सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ कुणी पाहिली, असं विचारतेस. अगं, ज्याने प्रकाश केला त्याला दिवस मोजायला सूर्य कशाला लागेल? दिवस म्हणजे दिवस. मी जन्मभर व्यासपीठावरून हेच सांगितलं. तू संग्रहालयात दगडांना लाखो वर्षांच्या वयाच्या चिठ्ठ्या चिकटवतेस म्हणून ते दगड काही हे सारं लिहून ठेवणाऱ्या मोशेपेक्षा शहाणे ठरत नाहीत.

इकडे ठीक. चर्चच्या मंडळीने दिलेल्या दोन खोल्यांत मी आणि तुझ्या वहिनीचं शिलाई मशीन. ती गेल्यापासून त्यावर वर्तमानपत्रं साचतात. नवा पाळक भला आहे, पण भेटला की एक डोळा घड्याळावर. रविवार सोडला तर मला कुणी हाक मारत नाही. एक गंमत बघ. सहाही दिवसांच्या शेवटी संध्याकाळ झाली, सकाळ झाली असं लिहिलंय, सातव्या, विसाव्याच्या दिवसाच्या शेवटी लिहिलेलंच नाही. निवृत्त झाल्यापासून माझाही तोच दिवस चालू आहे. यावर मात्र वाद घालू नकोस.

उत्तर लांबलचक हवं. आशीर्वाद आहेतच, अक्कल प्रभू देवो.

तुझा दादा


ता. १४ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

वाद घालू नकोस म्हणालास, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सातव्या दिवसाला संध्याकाळ नाही, म्हणजे तो संपलेला नाही. मग तो चोवीस तासांचा कसा? आणि तो नसेल, तर बाकीचे सहा तरी कशावरून? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास!

मला विचारशील तर ते वेळापत्रक नव्हेच, घराचा नकाशा आहे. पहिल्या तीन दिवसांत खोल्या बांधल्या, पुढच्या तीन दिवसांत राहणारे आणले. उजेड-अंधारात सूर्य-चंद्र, आकाशात आणि पाण्यात पक्षी-मासे, जमिनीवर जनावरं आणि आपण. शिवाय दुसऱ्या अध्यायात क्रमच वेगळा लागतो, तिकडे तू नेहमीसारखा काणाडोळा करतोस. आमच्या चर्चच्या खजिनदारांचं तिसरंच. त्यांच्या मते पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये लाखो वर्षं गेली. त्या फटीत त्यांनी माझे सगळे दगड बसवून दिले! तरी रविवारी आम्ही एकाच बाकावर बसून श्रद्धेची कबुली देणारा एकच विश्वासांगीकार म्हणतो.

माझं टेबल नव्या साहेबांनी तळघरात हलवलं. तिथे दिवसभर कुणी फिरकत नाही. डबा एकटीच खाते आणि तुला काय उत्तर द्यायचं ते जुळवत बसते.

माया असू दे, डोकंही चालू असू दे.

तुझी गोटी


ता. २ एप्रिल

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

बाबा गेल्या आठवड्यात चर्चच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. हृदयाचं दुखणं निघालं. मी धावत आले, पण रजा संपली, उद्या परत कामावर जायला हवं. डॉक्टरांनी जिने, मीठ आणि मनस्ताप, तिन्ही बंद केली आहेत.

तुझं पत्र आलं की ते तावातावाने खोलीत फेऱ्या मारतात, भिंतीला मुद्दे समजावतात. मला भीती वाटते गं. काही महिने त्यांचंच खरं म्हण ना. सहा दिवस तर सहा दिवस, तुझं काय जातं? मी इतक्या लांब, आणि त्यांच्याशिवाय मला तरी कोण आहे?

एवढं ऐकशील ना?

तुझी भाची


ता. ९ एप्रिल

ती. दादास,
सप्रेम सलाम.

तब्येतीचं कळलं. जपून राहा. मी बराच विचार केला, तुझंच बरोबर आहे. सहा दिवस म्हणजे सहा दिवस. आता हा विषय पुरे. औषधं वेळेवर घे. इकडे सगळं ठीक.

गोटी


ता. २० एप्रिल

चि. गोटीस,
आशीर्वाद.

तुझं अर्धं पान मिळालं. जिंकलो, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. उत्तर लिहायला बसलो आणि लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. पेनाचं टोपण लावलं, खिडकीपाशी जाऊन बसलो.

पोरीने तुला कळवलेलं दिसतं. हल्ली सगळेच माझ्याशी हळू बोलतात. शेजारीण, पाळक, फोनवर पोरगी. माझ्यावर डाफरणारी तू एकटी उरली होतीस. तूही हळू बोलायला लागलीस, तेव्हा कळलं की मी आजारी आहे.

आता खरं सांगतो. तुझी वहिनी गेल्यापासून ते दिवस होते की युगं, हे मला पक्कं ठाऊक नाही. तुझा तो घराचा नकाशा तर मला पटायलाच लागला होता. पण कबूल केलं असतं, तर तू मला काय लिहिलं असतंस? म्हणून हट्टाने धरून बसलो. देवाने एकेक वस्तू करून चांगलं आहे म्हटलं, आणि बरं नाही असं पहिल्यांदा म्हटलं ते माणसाच्या एकटेपणाला. त्या ओळीवर मी कितीतरी लग्नांत उपदेश केला. मला स्वतःला ती आत्ता कळली.

असो. दोघंही एका बाजूला आलो, वाद संपला. सुखी राहा.

दादा


ता. २८ एप्रिल

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र तळघरात वाचलं आणि रडले. बघायला कुणी नव्हतं, म्हणून पोटभर रडले. पोरीची भीती खरी होती, तिला बोल लावू नकोस. ते अर्धं पान टाकल्यावर माझीही दुपार जाईना. डबा तसाच परत नेत होते.

पण वाद संपला हे ठरवणारा तू कोण? तू तुझा पक्ष सोडलास ना? मग तो मी घेते. आजपासून सहा दिवस माझे, आणि तेही रोखठोक चोवीस तासांचे. नकाशाच काढायचा होता, तर संध्याकाळ आणि सकाळ कशाला लिहिली? सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, ही आज्ञा युगांच्या हिशेबाने पाळायची म्हटली, तर मला सुट्टी कधी मिळायची? इतकी वर्षं पाळक होतास आणि नकाशाला भुललास! मला तर लाज वाटली.

खंडन कर. बसून कर, फेऱ्या न मारता, आणि बिनमिठाचं जेवून कर. दहा पानांपेक्षा कमी आलं तर साभार परत पाठवीन.

तुझीच, पण तुझ्याविरुद्ध,
गोटी