एकट्याला उचलवेल अशी गाडी

सान फर्नांडो, ला युनियन
१४ जानेवारी २०१९

ति. मानांग सेंदा,
तुझा हात कपाळाला लावून नमस्कार, वि. वि.

नाताळचं तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ कर. रोडेल सुट्टी संपवून सहा तारखेला दोहाला परत गेला. तो होता तोवर घरात भांड्यांचा आवाज होता. निघताना म्हणाला, पप्पा, निदान एक कुत्रा तरी पाळा. मी म्हटलं, कुत्र्याला माझा कंटाळा येईल. तो हसला नाही.

रोडेलच्या आईला जाऊन पाच महिने झाले. आंपारोचे कपडे चर्चमध्ये दिले. चाकांची खुर्ची आरोग्य केंद्राने नेली. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं, हे तुला कळवलं होतंच. इतर वेळी शेजारीण करायची, पण दुपारी बाराचं माझं होतं. ऑफिसमधून घरी जायचो, तिला वळवायचो, चार घास भरवायचो आणि एकला परत मोजणीच्या नकाशांवर येऊन बसायचो. अजूनही बारा वाजले की पाय बाहेर पडतात. फाटकापाशी गेल्यावर लक्षात येतं की कुठेच जायचं नाही. परत आत आलं तर लोक बघतात. म्हणून समोरच्या मोटरसायकलच्या शोरूममध्ये तासभर उभा राहू लागलो. तिथे पंखा आहे आणि कुणी काही विचारत नाही.

तिथेच उभं राहून राहून आता एक गाडी घ्यावीशी वाटते आहे. सत्तावन्नाव्या वर्षी हे सांगायला संकोच वाटतो. रोडेलचा धर्मपिता देन्सियो तुला आठवत असेल. त्याच्याकडे हजार सीसीची आहे. तो म्हणतो, घ्यायची तर हजारचीच घे, त्याहून लहान घेऊन काय बाजारात भाजी आणायला जायचंय?

तुझं मत कळव. बाबांच्या गॅरेजात माझ्यापेक्षा तुझेच हात जास्त काळे असायचे.

आहे तशीच माया ठेव.
तुझा,
लारियो

मठ, तारलाक
३ फेब्रुवारी २०१९

चि. लारियो,
तुझ्या मानांगचे, थोरल्या बहिणीचे, अनेक आशीर्वाद.

आमची पत्रं मदर सुपीरिअर आधी वाचतात. तुझं पत्र हातात देताना त्यांनी विचारलं, सिस्टर, सीसी म्हणजे काय? मी स्वयंपाकघरातून एक लहान डबा आणि एक मोठा डबा आणून समजावलं. तेव्हापासून अख्खा मठ तुझ्या गाडीची चौकशी करतो आहे. बागेतल्या म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, मोठा डबा घेऊ दे, उरलं तर उद्या होईल.

मला मात्र हिशोब लागत नाही. घरापासून ऑफिस दीड किलोमीटर. हजार सीसीची घेऊन तू जाणार कुठे? देन्सियोचं मनावर घेऊ नकोस. त्याने शाळेत असताना बैलगाडीलाही भोंगा बसवला होता.

लहानपणी तू खोटं कधी बोलला नाहीस, पण अर्धं सांगून गप्प बसायचास. मग उरलेलं मी आईकडून काढून घ्यायची. आता आई नाही, आंपारोही नाही. तेव्हा उरलेलं अर्धं तूच लिही. महिन्याला एकच पत्र आणि उपासाच्या चाळीस दिवसांत तेही नाही, हा आमचा नियम तुला ठाऊक आहे. म्हणून उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आत लिही.

जेवणात नुसता भात आणि सुकी मासळी चाललेली नाही ना? पालेभाजी खात जा.

तुझी आठवण काढणारी,
मानांग सेंदा

सान फर्नांडो
२४ फेब्रुवारी २०१९

ति. मानांग,
हात कपाळाला लावून नमस्कार, वि. वि.

पालेभाजी खातो. शेजारीण देते.

तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही उघड्या अंगाच्या, म्हणजे इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण नाही. नळ्या, इंजिन थंड ठेवणारे पंख, बोल्ट सगळं डोळ्यांना दिसतं, आपल्या गॅरेजातल्यासारखं. एक चारशेची, एक साडेसहाशेची, एक हजारची. चारशेची बरी वाटली. पाय दोन्ही बाजूंना जमिनीला पुरतात आणि हँडल शहाण्या माणसासारखं वळतं. पण सेल्समनने माझ्या शर्टावरची सुतकाची काळी पट्टी पाहिली आणि हळूच म्हणाला, सर, दुःखात माणसाने स्वतःला थोडं जास्त द्यावं. आणि मला हजारच्या गाडीपाशी नेलं.

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर देन्सियोने त्याची हजारची चालवायला दिली आणि स्वतः बायकोची मोटार घेऊन मागून निघाला. म्हणाला, एक्सप्रेसवेला लाग, पुढच्या टोलला भेटू, आणि हळू चालवू नकोस, माझ्या गाडीची अब्रू जाईल.

हळू चालवली नाही. काटा एकशे सत्तरच्या पुढे गेला, त्यानंतर मी तो पाहिला नाही. पाचसात मिनिटं मला ऑफिस, घर, बारा वाजणं यातलं काही आठवलं नाही. पुलांचे कठडे येत होते आणि जात होते. हात माझेच होते, पण ते पुढच्या क्षणी काय करतील हे त्यांना विचारावं असं वाटलं नाही. बरं वाटलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. टोलवर देन्सियो म्हणाला, अरे, तुझ्या लग्नातही तुझं तोंड एवढं उजळलं नव्हतं.

हजारच्या गाडीसाठी नाव नोंदवलं आहे. मार्चअखेर येईल. तू उरलेलं अर्धं विचारलं होतंस. ते एवढंच आहे.

आहे तशीच माया ठेव.
लारियो

मठ, तारलाक
९ मार्च २०१९

चि. लारियो,
आशीर्वाद.

उपासाचे दिवस सुरू झाले आहेत आणि मी पत्र लिहिते आहे. छत्तीस वर्षांत मी अशी परवानगी मागितली नव्हती. आई गेली तेव्हाही नाही. परवा मागितली. मदरनी तुझं पत्र वाचलेलं होतंच. त्यांनी स्वतः कागद आणून दिला.

रोडेलचं मला जानेवारीतच पत्र आलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी तू घराच्या कागदांची पिशवी आणि जादा किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्यास. त्याने कारण विचारलं तर म्हणालास, असू दे. पोरगं तिकडे जाऊन झोपलेलं नाही. मला वाटलं, माझा भाऊ पहिल्यापासून टापटिपीचा, असेल त्यातलंच. पुलांच्या कठड्यांबद्दल तू लिहिलंस ते वाचल्यावर तसं वाटेना.

म्हणून सरळ विचारते. घरून निघालास की परत यायचं असतं का तुला, लारियो? मदर हे वाचतील. वाचू देत.

गाडी घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. माझं ऐकायचं वय तुझं कधीच गेलं. फक्त एक कर. बाबा कुणालाही गाडी ताब्यात देण्याआधी ती गॅरेजसमोरच्या वाळूत आडवी करायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, उचल, एकट्याने. उचलली नाही तर किल्ली मिळायची नाही. नगराध्यक्षांच्या पुतण्याला त्यांनी तीनदा रिकाम्या हाताने घरी पाठवला होता. मी एकदा म्हटलं, बाबा, रस्त्यात कुणीतरी मदतीला येईलच की. तर म्हणाले, येईल तेव्हा येईल, तोवर हा काय गाडीपाशी मांडी घालून बसणार?

तुझी ती हजारची आडवी कर आणि उचल. मग जे वाटेल ते घे. आणि मी विचारलं त्याचं उत्तर दे. ईस्टरपर्यंत मला लिहिता येणार नाही, पण आलेलं पत्र मदर देतील, असं त्यांनी कबूल केलं आहे.

मानांग

सान फर्नांडो
२५ मार्च २०१९

ति. मानांग,
हात कपाळाला लावून नमस्कार, वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या रविवारी पुलावर मनात आलं होतं. ठरवलं नव्हतं, फक्त आलं होतं, आणि आलं म्हणून धक्काही बसला नव्हता. रोडेलला परवा फोन केला आणि पिशवी टपालाने परत मागवली. त्याने कारण विचारलं नाही.

आता गाडीचं. शुक्रवारी बारा वाजता शोरूममध्ये गेलो आणि सेल्समनला म्हटलं, हजारची आडवी करायची आहे. त्याला वाटलं मी तिच्याशेजारी आडवा होणार. तो मॅनेजरला बोलवायला धावला. मॅनेजर म्हणाला, सर, वीस वर्षांत गाडीला लाथ मारून बघणारे आले, टाकीचा वास घेणारे आले, पण गाडी झोपवायला कुणी सांगितलं नाही. शेवटी मागच्या आवारात खोक्यांचे पुठ्ठे अंथरले. देन्सियोला कुणीतरी कळवलं असावं. तो खुर्ची घेऊन समोर बसला आणि कामगारांना म्हणाला, पुठ्ठे दोन ठिकाणी घाला, एक गाडीला, एक ह्याला.

हजारची माझ्याने उठली नाही. तीनदा प्रयत्न केला. गुडघ्याएवढी वर आली आणि परत बसली. साडेसहाशेची कंबरेपर्यंत आली. देन्सियो म्हणाला, सोड रे, मी असेन ना बरोबर. मी म्हटलं, तू प्रत्येक वेळी कसा असशील?

मग चारशेची आडवी केली. खाली बसून हात घातले आणि नर्सचे शब्द आठवले. आंपारोला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तिनेच मला शिकवलं होतं. कंबरेने नाही, मांड्यांनी. वजन अंगाला लावून घ्या. श्वास सोडत उठा. तसाच उठलो. गाडी माझ्याबरोबर उभी राहिली. मानांग, सात महिन्यांत मी काहीच उचललेलं नव्हतं. स्टँड लावला आणि तिथेच पुठ्ठ्यावर खाली बसलो. सेल्समनने पाणी आणलं. देन्सियोने त्याचा रुमाल दिला आणि सगळ्यांना सांगितलं की घाम आहे.

चारशेचीच घेतली. राखाडी रंगाची. इथे चारशेच्या खाली एक्सप्रेसवेवर सोडत नाहीत, ही बरोबर चारशेची आहे. देन्सियो तिला माझी सायकल म्हणतो. रोज म्हणतो.

आहे तशीच माया ठेव.
लारियो

मठ, तारलाक
२५ एप्रिल २०१९

चि. लारियो,
पुनरुत्थानाच्या सणाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी चारदा वाचलं, मदरनी दोनदा. त्यांनी मला विचारलं, तो पुठ्ठ्यावर किती वेळ बसला होता?

आता माझं उरलेलं अर्धं. आंपारो गेली त्या दिवशी मला फाटकाबाहेर पडता आलं नाही. हा नियम मी स्वतः स्वीकारलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुझ्या लग्नानंतर मी तिला मोजून सहा वेळा पाहिलं, प्रत्येक वेळी भेटीच्या खोलीतल्या जाळीतून. तिला शेवटी कोणता पोशाख घातला होता, हे मला कुणी कळवलं नाही आणि विचारायचं मला धाडस झालं नाही. तू येऊन सांग. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा ते अकरा भेटीची वेळ असते. पाच मेला ये. अकराची घंटा झाली की पडदा ओढतात, मग बिशप आले तरी उघडत नाहीत.

वाट पाहणारी,
मानांग सेंदा

सान फर्नांडो
६ मे २०१९

ति. मानांग,
हात कपाळाला लावून नमस्कार, वि. वि.

काल मी आलो होतो. दारावरच्या सिस्टरने सांगितलं असेल. अकरा वाजून वीस मिनिटांनी पोचलो.

साडेसातला निघालो होतो. एक्सप्रेसवे उतरल्यावर तुमच्याकडचा साधा रस्ता लागला. तिथे लोकांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. मी असं भात जन्मभर पाहत आलो, तरी समोरून ट्रक आला तेव्हा ब्रेक दाबत त्या भातावरच गेलो. दाण्यांवर चाक घसरलं. वेग नव्हता. गुडघा खरचटला, एक आरसा तुटला.

भाताची मालकीण फावडं घेऊन आली आणि म्हणाली, एवढा मोठा रस्ता सोडून माझ्या जेवणावरच लोळायचं होतं का तुम्हाला? तिचा नवरा शेतातून पळत येत होता. तो पोचेपर्यंत मी गाडी उभी केली होती. तो म्हणाला, आजोबा, थांबायचं तरी. मग मी त्यांच्याबरोबर विखुरलेलं भात गोळा केलं. माझ्यामुळे सांडलेलं होतं, टाकून येणं बरं दिसलं नसतं. त्यात अर्धा तास गेला. बाईने गुडघ्याला पट्टी बांधली आणि विचारलं, घरी कुणी काळजी करत असेल ना? मी म्हटलं, घरी कुणी नाही, पुढे आहे.

फाटकावरच्या सिस्टर चांगल्या होत्या. म्हणाल्या, पडदा ओढला. मी भिंतीच्या सावलीत थोडा वेळ उभा राहिलो. आत कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तुला हाक मारावीशी वाटली, पण तुमच्याकडे हाका मारत नाहीत. गाडी सुरू करून मिनिटभर तशीच ठेवली आणि निघालो. चारच्या आत घरी पोचलो.

आंपारोला निळा पोशाख घातला होता, रोडेलच्या पदवीदानाच्या दिवशीचा. हे समोर बसून सांगायचं होतं.

माया असू दे.
लारियो

मठ, तारलाक
१२ मे २०१९

चि. लारियो,
आशीर्वाद.

भांडी मीच घासत होते. भिंतीपलीकडून तुझी गाडी ऐकली: दोन सिलिंडर, नवं इंजिन, चेन थोडी सैल. ती ताणून घे. हातातलं पातेलं तसंच धरून मी उभी राहिले. शेजारच्या सिस्टरने खुणेने विचारलं, काय झालं. त्या वेळी बोलायचं नसतं. मी दोन्ही हातांनी हँडल धरून दाखवलं, तर ती तोंडावर हात धरून हसत बाहेर गेली. तू दुसरा गिअर टाकलास, तिसरा टाकलास, मग आंब्यांपलीकडे वळलास. चौथा ऐकू आला नाही.

निळा पोशाख मला आठवतो. तो घालून ती जाळीशी बसली होती आणि उकाड्याने हैराण झाली होती. बरं केलंस.

पुढचा पहिला रविवार दोन जूनला आहे. इकडची माणसं ऊन चढल्यावर नऊच्या सुमाराला भात पसरतात, त्याआधी रस्ता मोकळा असतो. सहाला नीघ. डबा आण, इथे बाहेरच्यांना जेवण मिळत नाही. आरसा बसवल्याशिवाय येऊ नकोस.

वाट पाहते आहे.
मानांग सेंदा