भोंगाकाकांच्या तीन चुका

२ मार्च, सोमवार. सकाळी सव्वासात

हेडफोन आले. काळे, मऊ, कान पूर्ण झाकणारे. बटण दाबलं की बाहेरचं जग बंद. आई म्हणाली, एवढ्या पैशांत दोघींच्या चपला आल्या असत्या. आईला चपला दिसतात, मला न्याय दिसतो.

हे हेडफोन गाण्यांसाठी नाहीत. भोंगाकाकांसाठी आहेत.

नोंद राहावी म्हणून सुरुवातीपासून लिहिते. छापखान्यात मी प्रूफं तपासते. सहा महिन्यांची उमेदवारी आहे, ३१ मार्चला मालक ठरवणार कायम करायचं की नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तेव्हा प्रश्न एकटीचा नाही. तपासणीच्या खोलीत आम्ही तिघं: मी, टायपिस्टबाई आणि भोंगाकाका. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय, बाकी सगळे नुसतं काका म्हणतात. काका सातवी शिकलेले. तीस वर्षं त्यांचं एकच काम. मूळ प्रत हातात धरायची आणि मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. समोरच्याने प्रूफवर बोट फिरवत जुळवायचं. आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा असा वाचल्याशिवाय मालकांकडे जात नाही. जगात संगणक आला, आमच्याकडे काका आहेत.

गेल्या गुरुवारी त्यांनी माझं तपासून झालेलं प्रूफ उचललं. पाण्याच्या पंपाचं माहितीपुस्तक. खालच्या मशीनवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत गेले आणि मध्येच थांबले. झाकण उघडण्याआधी वीज बंद करावी, ही ओळ प्रूफात गळाली होती. मला दिसली नव्हती. काका म्हणाले, बी.ए. बाई, तुमच्या पंपाने एक गिऱ्हाईक गेलं बघा. टायपिस्टबाई हसल्या. मग जिन्यातून मशीनवाल्यांचं हसू वर आलं.

मी रागावलेली नाही. फक्त विसरणार नाही.

योजना अशी. आजपासून हेडफोन घालून, एकटीने, शांतपणे, डोळ्यांनी तपासायचं. त्याच वेळी काकांनी पास केलेल्या छापील पानांतल्या चुका गोळा करायच्या. महिनाअखेरीस मालकांना लेखी अहवाल. सूड हा शब्द मी वापरणार नाही. सुधारणा.

त्याच दिवशी. संध्याकाळी

हेडफोनच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की इंजिन, पंखे वगैरेंचा आवाज जातो, माणसांचा पूर्ण जात नाही. म्हणून वरून धबधब्याचा आवाज लावला. आता कोणीच ऐकू येत नाही. काका वाचत होते, गळ्याची शीर फुगली होती, आणि मला फक्त पाणी. पूर्ण समाधान.

धबधब्यामुळे दिवसात पाच वेळा उठावं लागलं. सवय होईल.

३ मार्च, मंगळवार

बसमध्येही घातले. कंडक्टर नाही, हॉर्न नाही, शेजारच्या बाईंच्या सुनेच्या तक्रारी नाहीत. इतकी एकाग्रता झाली की दोन स्टॉप पुढे गेले. चालत परत आले. चालणं चांगलंच असतं. वीस मिनिटं उशीर. काकांचे ओठ हलले, ऐकू आलं नाही.

५ मार्च, गुरुवार

काका दोनदा टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी पाटीच लावली: काही सांगायचं असल्यास कृपया लेखी द्यावे. त्यांनी खिशातला कागद काढला, उभ्याउभ्या लिहिलं आणि ठेवून गेले. हातातलं पान संपल्यावर वाचलं. चहा आलाय, असं लिहिलं होतं. चहा तोवर गार झाला होता. तत्त्वासाठी गार चहा प्यायला मी तयार आहे.

९ मार्च, सोमवार

आठवडाभरात दोन पुस्तिका आणि एक बँकेचा फॉर्म. खालून मशीनवाल्यांकडून चूक सापडल्याची एकही चिठ्ठी आली नाही. फेब्रुवारीत नऊ आल्या होत्या. आता शून्य. विज्ञान म्हणतात ते हेच.

काकांनी दुपारची जागा बदलली आहे. जेवण झालं की माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात बाईंना घेऊन बसतात आणि काहीतरी वाचत राहतात. मी वळले की थांबतात. माझ्यापुढे जोर चालत नाही म्हणून कोपरा धरला असावा. माझा तपासून झालेला गठ्ठा मात्र न सांगता उचलतात आणि संध्याकाळी स्वतः खाली नेऊन देतात. निदान हमाली तरी करतात.

११ मार्च, बुधवार

पहिली चूक सापडली. काकांनी पास केलेल्या दरपत्रकात बारा क्रमांकाची दोन पानं. वहीत लाल शाईने लिहिली, तारीख घातली, खाली दोन रेघा मारल्या. जेवताना डबा गोड लागला.

१४ मार्च, शनिवार

बाबांची तीस वर्षं कारखान्यात गेली, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं आणि ते बोलतात ते चार घरांना ऐकू जातं. त्यांनी गल्लीत सांगून टाकलंय की मुलगी एकतीस तारखेला कायम होणार. समोरच्या काकू विचारून गेल्या, तोंड कधी गोड करताय. मी बाबांना म्हटलं, अजून झालेलं नाही. त्यांना ऐकू आलं नाही. किंवा त्यांनी ऐकलं नाही. मागच्या महिन्यात डबा द्यायला छापखान्यात आले होते तेव्हाही दारातून विचारत होते, आमची पोरगी साहेब कधी होणार. अख्ख्या मजल्याने ऐकलं.

संध्याकाळी आईने दुधाकडे बघायला सांगितलं होतं म्हणे. मी हेडफोन घालून अहवालाचा मसुदा करत होते. दूध गेलं. मी म्हटलं, दूध उतू जाताना आवाज करत नाही, यात हेडफोनचा काय दोष. आई म्हणाली, दुधाला आवाज नसतो, मला आहे ना, तीनदा हाक मारली. ओटा मी पुसला. पुसताना हेडफोन काढले नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

दुसरी चूक. फर्निचरच्या पुस्तिकेत कपाटाच्या चित्राखाली पलंगाची मापं. लोक पलंगात कपडे ठेवतील. तीस वर्षांचा अनुभव म्हणे.

२० मार्च, शुक्रवार

तिसरी. एका किमतीतलं शून्य गेलं. नियतीचा हात माझ्या पाठीवर आहे.

एक निरीक्षण अहवालात घातलं. तिन्ही पानं काकांनी संध्याकाळी पाचनंतर घाईघाईने तपासलेली आहेत. दुपारचे दोन तास ते कोपऱ्यात बसून कशात घालवतात, याची मालकांनी चौकशी करावी.

माझं शून्य टिकून आहे.

२४ मार्च, मंगळवार

अहवाल पूर्ण. आवाजी तपासणी: एक कालबाह्य पद्धत. सहा पानं, एक तक्ता. भाषा संयमी ठेवली आहे. खोलीतील ध्वनिप्रदूषणाचा मुख्य स्रोत, एवढंच म्हटलंय, नाव नाही. अर्थात खोलीत तिघंच आहोत.

टायपिस्टबाईंकडे टाइप करायला दिला आणि म्हटलं, परस्पर मालकांकडे पाठवा. त्यांनी काहीतरी विचारलं. धबधबा चालू होता. मी हो म्हटलं.

२५ मार्च, बुधवार

आज कोपऱ्यात तासभर वाचन. बाई मध्येच ओढणी तोंडाला लावायच्या. काका गंभीर. एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं, मग लाल पेन काढलं. बिचारे. त्यांना कल्पना नाही त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलंय.

थोडी दया आली. ती बाजूला ठेवली.

२७ मार्च, शुक्रवार

काल चार्जिंगला लावायचे राहिले. अकरा चाळीसला धबधबा थांबला.

हेडफोन तसेच कानावर होते. आज काका जेवणाआधीच कोपऱ्यात बसले होते. वाचत होते ते विम्याच्या फॉर्मचं प्रूफ, मी सकाळी बिनचूक म्हणून सही केलेलं. थांबा बाई, म्हणाले, इथे दोन ओळी गेल्या. बाईंनी विचारलं, आजची कितवी. काका म्हणाले, चौथी, परवापेक्षा बरं आहे. बाई म्हणाल्या, एकदा सांगा की तिला. काका म्हणाले, कसं सांगू, ती लेखी मागते, आणि चूक लेखी दिली की वर मालकांकडे नोंद होते. एकतीसपर्यंत निभावून नेऊ. कायम झाली की कान धरून शिकवतो. तो बाप बघितलात ना, सगळ्या गावाला सांगत सुटला असेल.

मग पुढे वाचायला लागले. स्वल्पविराम. पूर्णविराम. नवा परिच्छेद.

मी हेडफोन काढले नाहीत. काढले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. साडेपाचपर्यंत बंद हेडफोन घालून बसले. कान दुखले.

दुपारी आणखी तीन निघाल्या.

२८ मार्च, शनिवार

ठरवलं. एक, अहवाल मालकांकडून परत घ्यायचा. दोन, खरं सांगायचं. मी शिकले ती सत्यासाठी.

मालक बाहेरगावी. सोमवारी येणार. माझा नाइलाज आहे.

२९ मार्च, रविवार

विचार केला. सत्य सांगायला योग्य वेळ लागते. एक एप्रिल ही योग्य वेळ आहे असं सकाळी वाटलं. दुपारी बाबांनी समोरच्या काकूंना परत सांगितलं, परवा कायम. मग कुठलीच वेळ योग्य वाटेना.

३० मार्च, सोमवार

हेडफोन घरी ठेवून गेले. बसमध्ये शेजारच्या बाईंची सून माहेरी निघून गेल्याचं कळलं.

अहवाल मालकांकडे पोचलाच नव्हता. काकांच्या खणात होता. बाईंनी मंगळवारी विचारलं होतं, नेहमीसारखा वाचून पाठवू ना, आणि मी हो म्हटलं होतं. बुधवारी तो मोठ्याने वाचला गेला. ध्वनिप्रदूषणाचा मुख्य स्रोत, स्वल्पविराम. माझ्यापासून दहा फुटांवर.

काकांनी स्वतःच काढून दिला. सहा पानांत सतरा दुरुस्त्या. मसुद्यातल्या दोन ओळी नक्कल करताना मी गाळल्या होत्या. शेवटी लाल शाईत त्यांच्या अक्षरात: चौथी चूक राहून गेली. शाळेच्या भूगोलात पान एकोणचाळीसवर नकाशा उलटा लागला आहे. तीही माझीच. तक्त्यात भर घालावी.

मी विचारलं, वर का नाही पाठवलात. काका म्हणाले, अपुरं काम या खोलीतून वर जात नाही.

तीन आठवडे मी ज्या माणसाचा काटा काढायच्या मागे होते, तो माझ्या तक्त्याचे रकाने सरळ करत होता. मला याचा फार राग आला. कोणावर आला ते अजून ठरत नाही.

चार वाजता मालकांकडे गेले. माझं कायम करण्याचं पत्र टेबलावर तयार होतं, सही झालेलं. मला उलटं वाचता येतं. शून्य चुका, असं त्यात होतं. मी सांगितलं की शून्य माझं नाही, काकांचं आहे. हेडफोनचं सांगितलं. त्यांच्या तीन चुका माझी पानं वाचण्यात गेलेल्या वेळामुळे झाल्या, हेही सांगितलं. चौथी सांगितली नाही, ती मी शोधलेली नव्हती. मालकांनी पत्र उचलून खणात ठेवलं आणि म्हणाले, उद्या बघू.

मी खोलीत आले तोवर काकांना कळलंच होतं. डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, महिनाभर तोंड उघडलं नाहीस, आजच उघडायचं होतं का, बाई.

३१ मार्च, मंगळवार

उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली. काकांबरोबर जोडीने बसायचं. वाचायचं मी, बोट ते फिरवणार. हेडफोनला मनाई नाही, असं मालकांनी पत्रात लिहिलंय, पण वाचणाऱ्याने ते घालून काय करायचं ते लिहिलेलं नाही.

ही एका अर्थी बढतीच आहे. वाचण्याचं काम आजवर काकांशिवाय कोणाला दिलेलं नव्हतं.

सकाळपासून एका कारखान्याची सुट्या भागांची यादी वाचली. एकशे चाळीस पानं. नट, स्वल्पविराम, आठ मिलिमीटर, पूर्णविराम. अकराला बाई म्हणाल्या, ताई, जरा हळू, मला टाइप करायचंय. काका म्हणाले, हळू नको, अजून मोठ्याने, खाली जाऊ दे. तीन वाजता घसा बसला. साडेतीनला काकांचं बोट थांबलं. प्रूफात ओळ होती, मीच वाचताना गाळली होती. असं यापूर्वी कधी झालेलं नाही म्हणाले.

घरी बाबा दारातच उभे होते. समोरच्या काकू, त्यांच्या जावा, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळे बाहेर. बाबांनी मोठ्याने विचारलं, झालं का कायम. घशातून आवाज फुटेना, म्हणून मान हलवली. नक्की कशी हलवली ते मला सांगता येणार नाही.

बाबांनी गल्लीला सांगितलंय.