चढावर मागे घेताना

३ मार्च

पुन्हा तेच! गाड्यांच्या तळावर चौदा नंबरची जागा मिळाली. सावली आहे, नळ जवळ, सगळं छान, फक्त चढावर. म्हणजे आमचं हे चार चाकांवरचं घर मागे घेत घेत वर चढवायचं. मी मागे उभी राहून हात हलवतेय — या, या, येऊ द्या! — आणि अर्ध्यावर आली नाही तोच लागली थरथरायला. अख्खी गाडी! आत डबे गडगडले, कपाटाची दारं आपटली, माझा आरसा फुटला. वर तो करपट वास. आजूबाजूच्या गाड्यांमधून लोक चहाचे कप घेऊन बाहेर आले. तमाशाच तो.

ह्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा इंजिन बंद करून नुसते बसून राहिले. एकतीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस, कधी एक ओरखडा नाही! मी काचेवर टकटक केली तर म्हणाले, "राहू दे इथेच." तेव्हा सध्या आम्ही फाटकापाशी आडवे उभे आहोत आणि येणारा-जाणारा आम्हाला वळसा घालून जातोय.

४ मार्च

हे आत आले, जेवले, भांडी विसळली, पुन्हा स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. गाडी बंद!

७ मार्च

वर्कशॉपची दुसरी खेप. काउंटरवर तोच टायवाला. जानेवारीत म्हणाला होता, नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. आज गाडी आत नेली आणि तासाभराने चावी आणून दिली. "काकू, गाडीत काही दोष नाही. क्लच जळतो तो सवयीने. काकांचा पाय क्लचवरून निघत नाही. वयोमानाने होतं असं."

वयोमानाने! ह्यांच्या तोंडावर! मी वाट बघत राहिले, आता हे काय सुनावतात त्याची. डेपोत ह्यांचा आवाज चढला की साहेब लोक केबिनचं दार लावून घ्यायचे. आणि आज? मान खाली. "बरं," म्हणाले आणि चावी घेतली.

मी वर्कशॉपच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तोंड धुऊन बाहेर आले.

८ मार्च

लेकीचा फोन. "आई, विकून टाका ती गाडी आणि या इकडे. बाबांचं वय बघ." मी म्हटलं, आणि आम्हाला ठेवशील कुठे, बाल्कनीत? उगाच बोलले. पण घर सोडून आठ महिने झाले. हीच आमची झोपायची खोली, हेच स्वयंपाकघर, दार उघडलं की जे दिसेल ते अंगण. ह्यांचंच स्वप्न हे. रिटायर झालो की घंटी नको, सुट्ट्या पैशांची भांडणं नकोत, मागून ओरडणारं कुणी नको, फक्त तू आणि रस्ता, असं म्हणायचे.

खरं लिहू? मला गाडीचं काही पडलेलं नाही. गाडी गेली खड्ड्यात. मला भीती ह्यांची वाटते. तो टायवाला बोलला ते ह्यांनी खरं धरलंय. ह्या माणसातून गाडी चालवणं काढून घेतलं तर मागे काय उरणार? मला सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं, म्हणून असे बसून राहतात.

१२ मार्च



आज पुन्हा चौदा नंबरवर चढवून बघा, असं मीच म्हटलं. मीच! अर्ध्यावर थरथर, मग तो वास, मग गाडी बंद पडली आणि सुटली खाली, उतारावर. खालच्या गाडीतल्या चष्मेवाल्या बाई खुर्ची टाकून वाचत बसल्या होत्या. ब्रेक लागला तेव्हा मध्ये हातभर अंतर राहिलं होतं. हातभर! त्यांच्या हातातलं पुस्तक पडलं.

हे उतरले, बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. मग आत आले आणि चावी चमच्यांच्या खणात ठेवून दिली. "संपलं. मी आता नाही चालवणार."

मला गाडी येत नाही. कधी शिकलेच नाही, घरात ड्रायव्हर असताना कशाला शिकायचं! आता राहा इथेच जन्मभर, फाटकाच्या तोंडाशी.

१३ मार्च

माफी मागायला बाईंकडे गेले, तर त्या हसायलाच लागल्या. "अहो, आमचीही अश्शीच नाचते!" बघते तर काय, त्यांची गाडीही आमच्याच जातीची. माझं लक्षच नव्हतं! म्हणाल्या, "चढावर मागे घ्यायची वेळ आली की आमचे साहेब उतरून जातात. म्हणतात तूच घे, तुला शिव्या चांगल्या येतात." वर्षभर कंपनीशी भांडतायत. कंपनी म्हणते, गाडीची ठेवणच अशी आहे. ठेवण! नाकाची असते ती ठेवण! आणखी दोन ओळखीच्यांच्या गाड्यांचं हेच रडगाणं आहे म्हणे.

म्हणजे पाय नाही! चार गाड्यांचे चार ड्रायव्हर, सगळ्यांचे पाय एकदमच म्हातारे झाले की काय?

धावत आले सांगायला. हे म्हणाले, "असेल."

असेल! इतकंच! असा संताप आला. मी म्हटलं, तुमच्यासाठी मी जिवाचं रान करतेय आणि तुम्हाला साधा आनंद होत नाही? ह्यांनी बादली उचलली आणि नळावर गेले. बादली आधीच भरलेली होती.

१९ मार्च

कुठून सुरुवात करू!

चष्मेवाल्या बाईंनीच गाडी वर्कशॉपपर्यंत आणली. हे मागे पलंगावर बसून, सामानासारखे. टायवाल्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, आमच्या तक्रारी लिहिलेली जुनी जॉबकार्डं काढ. बघू काय लिहिलंयस ते.

वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी दोन्ही वेळा स्पष्ट सांगितलं होतं, चढावर मागे घेताना थरथरते. ह्या शहाण्याने लिहिलंय, "चढावर गाडी मागे येते." दोन्ही वेळा! आणि म्हणून दोन्ही वेळा त्यांनी काय केलं, तर हँडब्रेक आवळून दिला! थरथर बघितलीच नाही कुणी. बघणार कुठे? वर्कशॉपचं अंगण तळहातासारखं सपाट.

टायवाला म्हणतो, "काकू, एकच ना ते." मी म्हटलं, बाळा, बोललेला शब्द मागे घेतला काय आणि बोलणारा मागे आला काय, एकच का? आज तो शब्द मागे घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही.

आरडाओरडा ऐकून मोठा मिस्त्री बाहेर आला. फडक्याला हात पुसत सगळं ऐकून घेतलं. मग चावी घेतली आणि शेजारच्या गोदामाच्या चढावर गाडी मागे घ्यायला लागला. थरथरली! त्याच्याही पायाखाली तश्शीच, दात वाजल्यासारखी! खाली उतरून टायवाल्याला म्हणाला, "रिव्हर्सचा गिअरच पळणारा घातलाय कंपनीने, ओढणारा नाही. चढावर क्लच अर्धा दाबून धरावाच लागणार, कुणीही बसू दे. काकांच्या पायाला कशाला बदनाम करतोस?"

सगळ्यांसमोर बोलला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

हे खिडकीतून ऐकतच होते. एवढंच विचारलं, "दुरुस्त होईल?"

"होईल की. गिअरबॉक्स बदलायला लावतो कंपनीला. मग बघा कशी मऊ चालते."

"मऊ," हे म्हणाले.

२३ मार्च

गाडी वर्कशॉपमध्ये, आम्ही लॉजमध्ये. खिडकीसमोर भिंत. ह्यांना म्हटलं, आता तरी हसा, तुमची काही चूक नव्हती. "हो गं," म्हणाले आणि कूस बदलली. काय करू मी ह्या माणसाचं?

२८ मार्च

गाडी मिळाली. मिस्त्रीने गोदामाचा चढ मागे घेऊन दाखवला. दोनदा. आतल्या ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. मी चक्क उड्या मारल्या, ह्या वयात! टायवाल्याने "सॉरी काका" म्हटलं, पुटपुटला पण म्हटलं. ह्यांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, "अजिबात थरथरत नाही? जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

ह्यांचे डोळे भरून आले. आले तर येऊ देत! इतक्या दिवसांचं साचलेलं आहे.

गाडी बाईंनीच परत आणून दिली. उद्या-परवा हे घेतीलच हातात. घाई नाही.

३० मार्च

आज हे बसले. मी मागे उभी. गाडी वर यायला लागली — थरथर नाही, वास नाही, काही नाही. मी टाळ्या वाजवत होते, आणि ती एकदम उसळून अंगावर आली. कुंपणात उडी मारली म्हणून आज हे लिहितेय.

दार उघडलं तर हे आपल्या डाव्या पायाकडे बघत बसले होते. "वर्ष झालं, ह्या पायाला काही कळत नाही गं. पेडलवर आहे का जमिनीवर, काही नाही. पुढे जाताना सवयीने निभतं. मागे घेताना ती थरथरली की समजायचं, पाय क्लचवर आहे. आज ती थरथरलीच नाही."

आणि ती थरथर मी भांडून भांडून काढायला लावली.